चालेल की नाही, हे आधी कोणी बघायचं?

मोटरसायकलच्या क्लच प्लेट घ्यायला गेलात तर काउंटरमागचा माणूस पैशांचं नाव काढण्याआधी दोन गोष्टी विचारतो: गाडी कुठली, आणि मॉडेल कोणत्या सालचं? नीट सांगता आलं नाही तर तो म्हणतो, जुना पार्ट काढून घेऊन या. न बसणारी वस्तू विकली तर उद्या गिऱ्हाईक दारात उभं राहणार, हे त्याला ठाऊक असतं. सॉफ्टवेअरच्या बाजारात हा क्रम उलटा आहे. आधी पैसे, मग इन्स्टॉल, मग पडद्यावर एक अनाकलनीय इंग्रजी ओळ. सपोर्टला फोन केला की पलीकडचा मुलगा रिमोट घेतो, दोन मिनिटं बघतो आणि सांगतो, ‘सर, तुमचं मशीन जुनं झालंय.’ पैसे परत मागितले तर म्हणतो, ‘की ॲक्टिव्हेट झाली ना, आता काही करता येत नाही.’ आणि वर आणखी, ‘सिस्टिम रिक्वायरमेंट्स वेबसाइटवर होत्या, तुम्ही आधी वाचायला हव्या होत्या.’

हे शेवटचं वाक्य ऐकायला रास्त वाटतं, म्हणूनच ते घातक आहे. ते ऐकून गिऱ्हाईक वरमतं, स्वतःलाच बोल लावतं आणि नवा कम्प्युटर घ्यायच्या तयारीला लागतं. माझं म्हणणं असं की अपग्रेड विकताना ते समोरच्याच्या मशीनवर चालेल की नाही हे बघण्याचं काम विकणाऱ्याचं आहे. ते त्याला जमण्यासारखं आहे. आणि चाललं नाही तर पैसे परत न देण्याला एके काळी जे कारण होतं, ते आता उरलेलं नाही.

नवं सॉफ्टवेअर घेणारा माणूस कंपनीला अनोळखी असतो. अपग्रेड घेणारा तसा नसतो. त्याचा सिरियल नंबर, त्याच्याकडची आवृत्ती, ती त्याने कधी घेतली, हे सगळं कंपनीच्या दप्तरी असतं. त्याशिवाय सवलतीचा दर लागूच होत नाही. गावातल्या डीलरला तर याहून जास्त माहिती असते. कम्प्युटर पुष्कळदा त्यानेच जोडून दिलेला असतो, प्रिंटर त्यानेच बसवलेला असतो, वर्षाचं मेंटेनन्सही त्याच्याकडेच असतं. आणि गिऱ्हाईक अपग्रेड घेतं कशासाठी? नव्या करामतींसाठी क्वचितच. बहुतेक वेळा जुनं काम चालू राहावं म्हणून: मागच्या दहा वर्षांचे हिशेब उघडावेत, जुनी पुस्तकं पुन्हा छापता यावीत, आहे तोच प्रिंटर चालावा. या व्यवहारात गिऱ्हाइकाकडे आधी काय आहे यावरूनच दर ठरतो. दर ठरवताना जे बघितलं, ते माल देताना बघता येत नाही, हे कसं पटावं?

शिवाय अपग्रेड म्हणजे हौसेची खरेदी, असा एक समज या सगळ्यामागे असतो. तोही खरा नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हा हिशेबाची जुनी सॉफ्टवेअर एका रात्रीत निरुपयोगी झाली. किराणा दुकानदारापासून कर सल्लागारापर्यंत कोणालाही ‘मला नको’ म्हणायची सोय नव्हती. कधी कायदा ढकलतो, कधी ऑपरेटिंग सिस्टिम, तर कधी छापखान्याकडून फर्मान येतं की यापुढे जुन्या आवृत्तीतल्या फाइल घेणार नाही. काही वेळा तर विचारतही नाहीत. विंडोज १० ही आवृत्ती जुलै २०१५ मध्ये आली आणि वर्षभर फुकट देण्यात आली. कॅलिफोर्नियातल्या एका ट्रॅव्हल एजंट बाईंच्या कम्प्युटरवर ते अपग्रेड त्यांच्या म्हणण्याप्रमाणे परवानगीशिवाय उतरू लागलं, अर्ध्यात फसलं, आणि त्यांचं धंद्याचं मशीन ऐन हंगामात निकामी झालं. त्या छोट्या दाव्यांच्या न्यायालयात गेल्या आणि १०,००० डॉलर मिळवले. मायक्रोसॉफ्टने चूक मान्य केली नाही, पण २०१६ मध्ये अपील मात्र सोडून दिलं. वस्तू फुकट दिली म्हणून जबाबदारी संपत नाही, एवढं तरी या प्रकरणातून दिसलं. मग पैसे घेऊन दिलेल्या वस्तूचं काय?

व्हिस्टाचं प्रकरण जरा सविस्तर सांगण्याजोगं आहे, कारण विकणाऱ्याला आतून काय माहीत होतं हे त्यात कागदोपत्री बाहेर आलं. विंडोज व्हिस्टा २००६ च्या नाताळच्या खरेदीला बाजारात यायची होती. सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत ती पोचली ३० जानेवारी २००७ ला. मधल्या काळात लोक नवे कम्प्युटर घ्यायचे थांबतील, ही धास्ती होती. म्हणून २००६ मध्ये आधीच्या विंडोज एक्सपीवाल्या कम्प्युटरांवर ‘विंडोज व्हिस्टा केपेबल’ असा स्टिकर लागला. आज हे घेऊन जा, उद्या यावर व्हिस्टा चालेल, असा त्याचा सरळ अर्थ. ती चालली, पण पुष्कळ मशीनांवर फक्त ‘होम बेसिक’ ही सगळ्यात खालची आवृत्ती. ‘एरो’ नावाच्या ज्या पारदर्शक खिडक्यांचा गाजावाजा होता, त्या तिच्यात नव्हत्याच.

मार्च २००७ मध्ये ग्राहकांनी अमेरिकेतल्या संघीय न्यायालयात दावा लावला. सिॲटलमध्ये न्यायाधीश मार्शा पेकमन यांच्यापुढे तो चालला. मायक्रोसॉफ्टने आरोप नाकारले, पण २००८ मध्ये कंपनीतल्या अंतर्गत ई-मेल उघड झाल्या आणि त्या कोणत्याही साक्षीदारापेक्षा जास्त बोलल्या. इंटेलचा ९१५ हा चिपसेट व्हिस्टाच्या नव्या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या निकषात बसत नव्हता. स्टिकरसाठी तो निकषच सैल करण्यात आला. इंटेलचं तिमाही उत्पन्न सांभाळायला हे केलं, असं मायक्रोसॉफ्टमधल्याच एका अधिकाऱ्याने लिहून ठेवलेलं सापडलं. माइक नॅश हे उपाध्यक्ष दर्जाचे गृहस्थ. त्यांनी स्टिकर बघून लॅपटॉप घेतला आणि मग वैतागून लिहिलं की २,१०० डॉलर घालून मी ई-मेल पाहायचं यंत्र घेऊन बसलोय. संचालक मंडळावरचे जॉन शर्ली यांनी घरचा एक कम्प्युटर व्हिस्टावर नेला. दुसरा नेईनात, कारण त्यांच्या प्रिंटर-स्कॅनरला ड्रायव्हरच मिळत नव्हते.

कंपनीचा उपाध्यक्ष स्वतःच्या कंपनीचा स्टिकर वाचून फसतो, आणि दुकानातल्या गिऱ्हाइकाने मात्र चिपसेटचा क्रमांक तपासून घ्यायचा! ‘तुम्ही वाचायला हवं होतं’ हे वाक्य मला निर्लज्ज वाटतं ते यासाठी. वाचण्याची अपेक्षा ज्याच्याकडून केली जाते त्याला वाचून कळेल अशा भाषेत ते लिहिलेलं नसतं, आणि ज्यांना ते कळतं त्यांनी निकष आधीच सैल केलेले असू शकतात.

दाव्याचा शेवट ग्राहकांच्या बाजूने झाला नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये सगळ्यांचा मिळून एक दावा म्हणून चालवायला मिळालेली परवानगी वर्षभराने काढून घेण्यात आली. स्टिकरमुळे कम्प्युटरांची मागणी आणि किंमत नेमकी किती वाढली, याचं गणित ग्राहकांच्या तज्ज्ञाला मांडता आलं नव्हतं. ज्याला त्याला आपापला दावा एकट्याने लढणं तेवढं उरलं. पाचसातशे डॉलरच्या मशीनसाठी एकट्याने मायक्रोसॉफ्टशी कोण लढणार? सॉफ्टवेअरच्या तक्रारींचं हे जुनंच दुखणं आहे. एकेकाचं नुकसान लहान असतं, म्हणून सगळ्यांचं मिळून झालेलं मोठं नुकसान कोणाच्याच नावावर लागत नाही.

आता विकणाऱ्याची बाजू. जगात लाखो प्रकारची मशीन आहेत, प्रत्येकाचे ड्रायव्हर वेगळे, अँटिव्हायरस वेगळे, कोणी काय काय टाकून ठेवलेलं असतं देव जाणे. प्रत्येकाची खात्री आम्ही कशी देणार? या म्हणण्यात तथ्य आहे. पण त्यातून निघतं ते इतकंच की सगळं तपासता येत नाही. काहीच तपासता येत नाही, असं त्यातून निघत नाही. विंडोज ११ चंच बघा. तिला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि ठरावीक पिढीनंतरचेच प्रोसेसर चालतात. जून २०२१ मध्ये घोषणेबरोबरच मायक्रोसॉफ्टने ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचं एक छोटं साधन दिलं. ते ‘चालणार नाही’ म्हणायचं, पण का ते सांगायचं नाही. लोक इतके चिडले की काही दिवसांतच ते मागे घेतलं गेलं, आणि नंतर कारणासकट परत आलं. एक बटण दाबलं की उत्तर: हे मशीन चालेल किंवा चालणार नाही, आणि चालणार नसेल तर अमुक कारणाने. जे जगभरच्या कम्प्युटरांसाठी बनवता येतं, ते काही हजार ग्राहकांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला बनवता येत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. बनवत नाहीत, कारण न बनवण्याचा खर्च दुसऱ्याच्या खिशातून जातो.

युरोपने हा पेच बऱ्यापैकी सोडवला आहे. ग्राहक हक्कांचा २०११ चा युरोपीय निर्देश विक्रेत्याला सांगतो की डिजिटल वस्तू कोणत्या हार्डवेअरवर आणि सॉफ्टवेअरबरोबर चालते ते आधी सांगा. तुम्हाला जे माहीत आहे ते, आणि माहीत असायला हवं होतं तेही. या ‘असायला हवं होतं’मध्ये सगळं आलं. त्यापुढचा २०१९ चा निर्देश १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार एकदाच पुरवलेल्या डिजिटल वस्तूत वर्षभराच्या आत खोट निघाली, तर ती मुळात नव्हती हे विक्रेत्याने दाखवायचं. ग्राहकाचंच मशीन जुळणारं नव्हतं असं म्हणायचं असेल तर तेही विक्रेत्यानेच सिद्ध करायचं, आणि जुळणीची अट खरेदीआधी स्पष्ट सांगितली होती हेही दाखवायचं. ग्राहकावर एक कर्तव्य आहे: तपासणीला वाजवी सहकार्य करायचं. तक्रार आली की दोष कोणाच्या अंगावर टाकून सुरुवात करायची, हा प्रश्न त्यांनी निकालात काढला. आपल्याकडे ती सुरुवात अजून गिऱ्हाइकाच्या अंगावरूनच होते.

मराठी गिऱ्हाइकाच्या बाबतीत या सगळ्याला आणखी एक पदर आहे, आणि तो कोणत्याही सिस्टिम रिक्वायरमेंटमध्ये लिहिलेला नसतो. मेमरी किती हवी, डिस्कवर जागा किती हवी, हे लिहितात. ‘देवनागरी जोडाक्षरं नीट उमटतील का’ हे कोण लिहितं? मराठी डीटीपीचा, म्हणजे कम्प्युटरवर पानं लावण्याचा, सगळा संसार वर्षानुवर्षं पेजमेकर या सॉफ्टवेअरवर उभा होता. पेजमेकरची ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. ते बनवणाऱ्या अडोबी कंपनीने २००४ मध्ये त्याचा विकास थांबवला, तरी आपल्याकडच्या छापखान्यांत ते त्यानंतरही कितीतरी वर्षं नांदलं. त्याला युनिकोड कळत नाही. म्हणून प्रत्येक फॉन्ट-कंपनीने आपापल्या सोयीने इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं बसवली होती. एका कंपनीचा ‘क’ दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये भलतंच काही व्हायचा. त्यात ही फॉन्टची सॉफ्टवेअर कम्प्युटरला किल्लीसारखा डोंगल लावला तरच चालायची, आणि जुने डोंगल प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लागायचे. नव्या कम्प्युटरला तो पोर्टच नाही. नवी विंडोज ६४ बिटची, तिच्यावर १६ बिटचे जुने प्रोग्रॅम उघडतच नाहीत.

अशा माणसाला ‘पेजमेकरऐवजी इनडिझाइनचं अपग्रेड घ्या, सगळं होईल’ म्हणून विकलं जातं तेव्हा त्याला नेमकं काय विकलं जातं? जुनी पेजमेकरची फाइल उघडलीच तर मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. मजकूर युनिकोडमध्ये बदलून आणला तर योग्य कंपोझर निवडेपर्यंत जोडाक्षरं सुटी पडलेली आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर चढलेली. कन्व्हर्टरमधून काढलेल्या पुस्तकाचं मुद्रितशोधन पहिल्यापासून करावं लागतं. रफार आणि ‘ऱ्या’ हे पहिले बळी. सॉफ्टवेअर ‘चालतं’ याबद्दल कंपनीचं काही खोटं नाही. ते सुरू होतं, पान उघडतं, इंग्रजी झकास छापतं. पण ज्या कामासाठी घेतलं ते काम होत नाही. वीस वर्षांची दिवाळी अंकांची पानं ज्याच्या कपाटातल्या सीडींवर आहेत त्याच्या दृष्टीने ही वस्तू जुळत नाही, आणि हे खरेदीआधी सांगू शकेल असा माणूस या व्यवहारात एकच होता: विकणारा. त्याला मराठी डीटीपीचा धंदा ठाऊक होता, म्हणून तर तो दारात आला.

पैसे परत करण्याच्या मुद्द्यावर कंपन्या सर्वाधिक हटून बसतात, आणि माझ्या मते त्यांची बाजू सगळ्यात लंगडी इथेच आहे. सीलबंद पाकीट उघडलं की परत नाही, हा नियम फ्लॉपी आणि सीडीच्या काळातला. तेव्हा त्याला अर्थ होता. सीडी घरी न्यायची, कॉपी काढायची, आणि ‘चालत नाही’ म्हणून परत आणायची. कंपनीला कळायला मार्ग नव्हता. ज्या काळात मुंबईत लॅमिंग्टन रोडवर पायरेटेड सीडी राजरोस मिळायच्या, त्या काळात विक्रेत्याने गिऱ्हाइकावर संशय घेतला तर त्याला फार दोष देता येत नाही.

गंमत अशी की पाकिटातल्या परवान्याच्या अटींना कायदेशीर बळ मिळालं तेच परत करण्याच्या हक्काच्या जोरावर. १९९६ मध्ये ‘प्रोसीडी विरुद्ध झायडेनबर्ग’ या अमेरिकी खटल्यात न्यायाधीश फ्रँक ईस्टरब्रुक यांनी ठरवलं की पाकिटाच्या आत असलेल्या परवान्याच्या अटीही ग्राहकावर बंधनकारक आहेत. का? तर अटी वाचून पटल्या नाहीत तर ग्राहकाला वस्तू परत करता येत होती. उद्योगाने या निकालाचा पहिला अर्धा भाग कवटाळला आणि दुसरा विसरून टाकला. अटी वाचायच्या तर पाकीट उघडायचं, आणि उघडलं तर दुकान परत घेणार नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये कॅलिफोर्नियात लिनक्सवाल्यांनी मायक्रोसॉफ्टच्या कचेरीवर चक्क मोर्चा नेला होता: तुमच्याच परवान्यात लिहिलंय की अटी मान्य नसतील तर पैसे परत मागा, आम्ही न वापरलेल्या विंडोजचे पैसे मागायला आलोय. कचेरीतून त्यांना कम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्यांकडे बोट दाखवण्यात आलं.

आज मात्र की सर्व्हरवरून ॲक्टिव्हेट होते. कोणत्या मशीनवर, किती वाजता, किती वेळा, हे कंपनीला दिसतं. सबस्क्रिप्शनचा हप्ता चुकला तर तीच की त्याच दिवशी बंदही पाडता येते. पैसे घ्यायचे असतील तेव्हा की बंद करणं एका क्षणाचं काम, आणि पैसे द्यायचे असतील तेव्हा ‘ॲक्टिव्हेट झाली, आता काही करता येत नाही’! चोरीची जी भीती होती ती तंत्राने संपवली. तिच्या नावावर चालणारा नियम तेवढा टिकून आहे, कारण तो फायद्याचा आहे.

परतावा देता येतो, हे स्टीमने दाखवून दिलं. जून २०१५ पासून या गेम विकणाऱ्या सेवेचा नियम असा की खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर कोणत्याही कारणासाठी पैसे परत. तुमचा कम्प्युटर त्या गेमला पुरा पडत नाही, हे कारण तर त्यांनी स्वतःच उदाहरण म्हणून दिलं आहे. ही उदारता आपोआप सुचली, असं समजायचं कारण नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने २०१४ मध्येच स्टीमच्या मालक कंपनीला, वॉल्व्हला, न्यायालयात खेचलं होतं. आम्ही वस्तू विकत नाही, परवाना देतो, हा वॉल्व्हचा बचाव तिथल्या न्यायालयाने मानला नाही, आणि २०१६ मध्ये ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ हा बहुचर्चित गेम जुन्या प्लेस्टेशन ४ वर इतका वाईट चालला की सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि पूर्ण पैसे परत देऊ केले. जगबुडी काही झाली नाही. पुढच्या जूनमध्ये गेम पुन्हा विक्रीला लागला.

एक आक्षेप मी मनापासून मान्य करतो. जुन्या मशीनांना कायम पाठीवर वाहून नेता येत नाही. ॲपलने ऑक्टोबर २०१९ मध्ये मॅकवर ३२ बिटचे प्रोग्रॅम बंद केले, मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार काढला. सुरक्षेच्या दृष्टीने जुनं कधीतरी सोडावंच लागतं, आणि त्याचा खर्च कंपनीनेच अनंतकाळ सोसावा असं मी म्हणत नाही. पण सोडतोय हे सांगून सोडणं वेगळं, आणि ‘नवं घ्या’ म्हणून गळ्यात मारून नंतर मशीनला नावं ठेवणं वेगळं. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१८ मध्ये सॅमसंगला ५० लाख युरोचा दंड केला, कारण गॅलेक्सी नोट ४ च्या मालकांना त्याहून नव्या नोट ७ साठी बनवलेला अपडेट घ्यायला सतत टोचणी लावली गेली आणि त्याने जुन्या फोनचं काय होईल हे सांगितलं गेलं नाही. ॲपललाही तशाच कारणासाठी, आणि बॅटरीची माहिती दडवल्याबद्दल, एक कोटी युरोचा दंड झाला. शिक्षा जुनं सोडल्याची नव्हती, न सांगता ढकलल्याची होती.

आपल्या कायद्यात अशा ग्राहकासाठी जागा आहे, पण दार अरुंद आहे. सॉफ्टवेअर वस्तू की परवाना, हा वाद आपल्याकडे फार अडत नाही. तयार सॉफ्टवेअर हा माल आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या विक्रीकर खटल्यात सांगितलं, आणि ग्राहक कायदा वस्तू व सेवा दोन्हींना लागू आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष वस्तू परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती तीस दिवस धरायची. पण जुळत नसलेलं सॉफ्टवेअर ‘सदोष’ का, हे प्रत्येकाने आपापलं भांडून घ्यायचं, कारण जुळणीबद्दल वेगळं कलम नाही. अन्यायकारक कराराची नवी तरतूद आली. ग्राहकावर अवाजवी अट लादणारा करार तिच्यात बसू शकतो, पण तो वाद जिल्हा ग्राहक आयोगापुढे नेता येत नाही. थेट राज्य आयोगाकडे जावं लागतं. आठ हजारांच्या अपग्रेडसाठी गडचिरोलीच्या माणसाने राज्य आयोग गाठायचा, ही तरतूद कोणाचं घर डोळ्यांपुढे ठेवून लिहिली असेल?

दुसरी अडचण व्यापारी हेतूची. व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूबद्दल ग्राहक म्हणून तक्रार करता येत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला तेवढी सूट आहे. १९९५ च्या लक्ष्मी इंजिनीअरिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने टाइपरायटर विकत घेऊन स्वतः टायपिंग करणाऱ्याचं उदाहरण दिलं होतं: तो ग्राहक. मग आपल्या एका कम्प्युटरवर स्वतः बसणारा डीटीपीवालाही ग्राहकच. पण त्याने दोन ऑपरेटर ठेवले की कंपनीचा वकील उभा राहिलाच. मोठ्या कंपन्यांनी दिवाणी न्यायालयात जावं, हे ठीक. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धंद्याच्या कामासाठी सॉफ्टवेअर घेणाऱ्या एका कंपनीला ग्राहक मानायला नकार दिला, त्यात मला आश्चर्य वाटत नाही. मधल्या माणसाचं काय, हा माझा प्रश्न आहे. आठ-दहा जणांचा छापखाना, तीन मुलं कामाला असलेला कर सल्लागार: अपग्रेडचा फटका सर्वात जास्त यांनाच बसतो, आणि दार यांच्यासाठीच किलकिलं आहे.

ग्राहक चळवळ महाराष्ट्राला नवी नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली तेव्हा देशात ग्राहक संरक्षण कायदा यायला बारा वर्षं अवकाश होता. त्या चळवळीने वजनमापं आणि भेसळ ही रणांगणं केली. आता तिच्या वारसांनी सॉफ्टवेअरकडे वळावं, आणि मागणी मोजकी ठेवावी. अपग्रेड विकण्याआधी मशीन तपासून लेखी उत्तर द्या. खरेदीपासून तीस दिवसांत ते चाललं नाही तर की रद्द करा आणि पैसे परत करा. जुळत नव्हतं ते ग्राहकामुळे, असं म्हणायचं असेल तर तुम्ही सिद्ध करा. आणि अन्यायकारक कराराची तक्रार जिल्हा आयोगात ऐकून घ्या.

हे होईल तेव्हा होईल. तोवर, वाचकहो, पुढच्या वेळी अपग्रेडचा फोन आला की पैसे पाठवण्याआधी डीलरला व्हॉट्सॲपवर आपल्या मशीनचा, विंडोजचा आणि जुन्या आवृत्तीचा तपशील पाठवा आणि एकच प्रश्न विचारा: यावर माझ्या जुन्या फाइलींसकट चालेल का? त्याचं ‘हो’ जपून ठेवा. तो उत्तर द्यायला टाळाटाळ करत असेल, तर तेही उत्तरच आहे. फसलात तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच दाखल करता येते, वकील लागत नाही, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे.